लॅपटॉपवर चालतं, सर्व्हरवर ई-इनव्हॅल येतं: ओ_डायरेक्ट आणि बफरची अलाइनमेंट

प्रश्न थोडक्यात असा: लिनक्सवर सी भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम मोठ्या फाइली ओ_डायरेक्ट हा झेंडा (फ्लॅग) लावून उघडतो आणि मॅलॉकने घेतलेल्या बफरमध्ये वाचतो. लॅपटॉपवर सगळं सुरळीत, सर्व्हरवर मात्र पहिलाच रीड ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’ म्हणून, म्हणजे ई-इनव्हॅल देऊन, परत येतो. अलाइनमेंट, म्हणजे पत्ता किती बाइटांच्या पटीत हवा ते, ५१२ ची ठेवायची की ४०९६ ची? आणि फाइलचा शेवटचा अर्धवट तुकडा लिहायचा कसा?

लगेच हवं असेल तर: दोन्ही आकडे कोडमधून काढून टाका, ज्या फाइलवर काम करायचं तिलाच विचारा, आणि विचारायची सोय नसेल तर ४०९६ धरा. शेवटच्या तुकड्यासाठी तीन वाटा आहेत, त्या पुढे सांगतो. पण त्याआधी ‘लॅपटॉपवर चालतं’ हे का घडतं ते बघू, कारण खरी गोम तिथे आहे. सर्व्हर बरोबर वागतोय. लॅपटॉप तुम्हाला सांभाळून घेतोय.

एरवी आपण रीड करतो तेव्हा मध्ये पेज कॅश, म्हणजे कर्नलने मेमरीत ठेवलेली फाइलीची प्रत, असते. ती म्हणजे कोपऱ्यावरचा वाणी. पावशेर डाळ मागा, देतो. दीडशे ग्रॅम मागा, तेही देतो. पोतं फोडायचं, मोजायचं, पुडी बांधायची हे त्याचं काम. ओ_डायरेक्ट म्हणजे वाण्याला टाळून थेट मार्केट यार्डात जाणं. तिथे पोतं फुटत नाही. अख्खं पोतं घ्या, पोत्याच्या हद्दीपासून मोजा आणि गाडी धक्क्याला नीट लावा. म्हणजे अटी तीन झाल्या: फाइलमधला ऑफसेट (सुरुवातीपासून कितव्या बाइटवर), मागितलेली लांबी आणि मेमरीतल्या बफरचा पत्ता. पहिल्या दोन अटी डिस्कच्या लॉजिकल सेक्टरमुळे येतात, कारण डिस्क त्याहून लहान तुकडा देतच नाही. तिसरी अट डीएमए करणाऱ्या हार्डवेअरमुळे येते. डिस्कचा कंट्रोलर थेट तुमच्या मेमरीत लिहितो आणि त्याला कोणत्याही पत्त्यापासून सुरुवात करता येईलच असं नाही. या तिन्ही अटींचा आकडा एकच असतो हा समज अनेक वर्षं खपून गेला, कारण कर्नलही तिन्हींना एकाच मापाने तपासायचा.

लिनक्सच्या २.४ मालिकेत हे माप फाइलसिस्टमच्या ब्लॉकचं, म्हणजे बहुतेक वेळा ४०९६ बाइटचं होतं. २.६ पासून ते डिस्कच्या लॉजिकल सेक्टरवर आलं, म्हणजे बहुतेक ठिकाणी ५१२. मग ६.० च्या सुमारास मेमरीच्या पत्त्याची अट वेगळी काढून डिव्हाइस खरोखर मागेल तेवढीच ठेवली गेली. एनव्हीएमई डिस्कला जेमतेम काही बाइटांची अलाइनमेंट पुरते. ६४ बिट मशीनवर जीलिबसीचं (लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीचं) मॅलॉक १६ च्या पटीतला पत्ता देतंच. त्यामुळे नवा कर्नल आणि एनव्हीएमई असलेल्या लॅपटॉपवर कसलाही विचार न करता घेतलेला बफर चालून जातो. तोच प्रोग्रॅम उबुंटू २२.०४ च्या मूळ ५.१५ कर्नलवर न्या, लगेच ई-इनव्हॅल, म्हणजे २२ क्रमांकाची चूक.

दुसरी शक्यता म्हणजे लॅपटॉपवर बीटीआरएफएस ही फाइलसिस्टम असणं. फेडोरा वर्कस्टेशन तेच देते, ३३ व्या आवृत्तीपासून. बीटीआरएफएसला न जुळणारा पत्ता किंवा ऑफसेट दिला तर ती तक्रार करत नाही, गुपचूप पेज कॅशच्या वाटेने काम उरकते. तुम्हाला वाटतं आपण डायरेक्ट वाचतोय, प्रत्यक्षात दुधाची तहान ताकावर भागवली जात असते. चूक दिसत नाही म्हणून ती नाही असं नाही. अशा मशीनवर घेतलेले वेगाचे आकडे मी बघतसुद्धा नाही.

आपलं कुठे फसतंय हे पाहायचं असेल तर स्ट्रेस (strace, प्रोग्रॅमचे सिस्टम कॉल दाखवणारं साधन) लावा. रीड फसला की स्ट्रेस बफरचा पत्ता छापतो, कारण दाखवायला मजकूरच नसतो. राइटच्या बाबतीत मात्र तो मजकूर छापतो आणि पत्ता लपतो. म्हणून ‘-ई रॉ’ हा पर्याय देऊन पीराइट६४ (ऑफसेट देऊन लिहिणारा कॉल) चे आर्ग्युमेंट कच्च्या रूपात बघावेत, म्हणजे चारही आकडे हेक्समध्ये समोर येतात. मग शेवटचे तीन हेक्स अंक वाचायचे. ते ००० असतील तर ४०९६ ची अलाइनमेंट आहे. ५१२ पुरत असेल तर शेवटचे दोन अंक ०० आणि त्यांच्या आधीचा अंक सम हवा. डोळ्यांना ही सवय लागली की निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

मॅलॉकची एक गंमत याच वेळी दिसते. १ एमबीचा बफर मागा. पत्ता हमखास ०१० ने संपतो. कारण १२८ केबीच्या वरची मागणी जीलिबसी सुरुवातीला थेट एममॅपने भागवतं, पेजच्या सुरुवातीला स्वतःची १६ बाइटांची नोंद ठेवतं आणि उरलेली जागा तुमच्या हाती देतं. म्हणजे मोठा बफर १६ बाइटांनी चुकलेलाच असतो. तो फ्री केल्यावर जीलिबसी ती मर्यादा वर सरकवतं आणि पुढचा बफर हीपमधून येतो, म्हणजे त्याचा पत्ता कुठलाही असू शकतो. १६ च्या पटीतला असा पत्ता योगायोगाने ५१२ च्या पटीतही असण्याची शक्यता बत्तीसात एक. ‘कधी चालतं, कधी नाही’ असं सांगत लोक येतात, त्यातल्या बऱ्याच जणांना हा बत्तीसावा बफर भेटलेला असतो.

आता आकडा विचारायचा कसा. लिनक्स ६.१ पासून स्टॅटएक्स या फाइलची माहिती देणाऱ्या कॉलमध्ये स्टॅटएक्स_डीआयओअलाइन ही मागणी करता येते. उत्तरात दोन वेगळे आकडे मिळतात, एक मेमरीच्या पत्त्यासाठी, दुसरा ऑफसेट आणि लांबीसाठी. दोन्ही शून्य आले तर त्या फाइलवर डायरेक्ट आयओ होणार नाही असं समजा आणि साध्या वाटेने जा. मागितलेली गोष्ट कर्नलने भरून दिली आहे का, हे मात्र उत्तरातल्या मास्कमध्ये (काय भरलं ते सांगणाऱ्या बिटांमध्ये) तपासायला विसरू नका. जुन्या कर्नलवर तो बिट लागत नाही आणि ती जागा शून्यच राहते. ‘आधार नाही’ आणि ‘मला प्रश्नच कळला नाही’ या दोन्हींचं उत्तर शून्यच दिसतं. फरक फक्त मास्क सांगतो.

जुन्या कर्नलवर एक्सएफएस ही फाइलसिस्टम असेल तर तिचा स्वतःचा डीआयओइन्फो हा आयऑक्टल आहे, तो मेमरीची अट आणि किमान आकार सांगतो. बाकी ठिकाणी ब्लॉक डिव्हाइसला बीएलकेएसएसझेडगेट विचारून लॉजिकल सेक्टर काढायचा. हाताने बघायचं तर ब्लॉकडेव्ह या आज्ञेला ‘गेटएसएस’ हा पर्याय द्या, किंवा सिसएफएसमध्ये त्या डिस्कच्या क्यू फोल्डरात लॉजिकल ब्लॉक साइजची फाइल उघडा. स्टॅटच्या उत्तरात एसटी_ब्लॉकसाइज म्हणून ४०९६ दिसतं, ते मात्र यासाठी वापरू नका. तो ‘एवढ्याने वाचलंत तर बरं पडेल’ असा सल्ला आहे, अट नव्हे. नेटवर्कच्या काही फाइलसिस्टमवर तिथे दहा लाखांच्या घरातला आकडासुद्धा येतो आणि मग चार केबी वाचायला एक एमबीचा बफर घेतला जातो.

यातलं काहीच करायचं नसेल तर ४०९६ धरा. आजच्या नेहमीच्या डिस्कचा लॉजिकल सेक्टर ५१२ असतो किंवा ४०९६. ४०९६ ला दोन्हींनी भाग जातो. पोस्टग्रेस या डेटाबेसनेही १६ व्या आवृत्तीत डायरेक्ट आयओची चाचणीपुरती सोय आणली तेव्हा आपल्या बफरांसाठी ४०९६ हाच आकडा ठरवून टाकला. शिवाय ज्या डिस्क बाहेरून ५१२ दाखवतात पण आतून ४०९६ च्या सेक्टरवर चालतात, ज्यांना ५१२ई म्हणतात, त्यांच्यावर ५१२ चं राइट फसत नाही, पण डिस्क आतल्या आत पूर्ण सेक्टर वाचते, बदलते आणि परत लिहिते. फिरत्या डिस्कवर याची किंमत अख्ख्या एका फेऱ्याची. ५१२ ‘चालतं’ आणि ५१२ ‘योग्य आहे’ यात एवढा फरक आहे.

मेमरीसाठी पॉझिक्स_मेमअलाइन पुरेसं आहे. त्याच्या दोन खोडी लक्षात ठेवा. चूक झाली तर ते एररनो भरत नाही, एररचा क्रमांक थेट परत देतं. म्हणजे ‘उणे एक आलं का’ अशी तपासणी कधीच लागू होत नाही. दुसरं, मिळालेली मेमरी पुसलेली नसते. त्या बफरचा उरलेला भाग शून्य न करता डिस्कवर लिहिलात तर आधी तिथे जे काही होतं, मग तो कोणाचा पासवर्ड का असेना, ते फाइलमध्ये जाऊन बसतं. सी११ चं अलाइन्ड_अलॉकही चालेल, फक्त आकार अलाइनमेंटच्या पटीत द्या. या दोन्हींची मेमरी साध्या फ्रीने सोडता येते. रीअलॉक मात्र अजिबात करू नका. ते नवी जागा घेतं तेव्हा जुनी अलाइनमेंट पाळत नाही आणि हा बग महिनोन्महिने लपून राहतो, कारण बऱ्याचदा जागा हलतच नाही.

आणखी एक चूक मी नव्या लोकांच्या कोडमध्ये फार वेळा पाहिली आहे. एक स्ट्रक्चर असतं: आधी लांबी, मग एखादा पॉइंटर, आणि त्यामागे डेटाची ॲरे. स्ट्रक्चर अगदी काटेकोर ४०९६ वर घेतलेलं असतं, पण रीडला दिलेला पत्ता ॲरेचा असतो, म्हणजे १६ बाइट पुढचा. डेटा वेगळा घ्या आणि त्याची माहिती दुसरीकडे ठेवा. रीडव्ही-राइटव्ही (एका कॉलमध्ये अनेक तुकडे) वापरत असाल तर प्रत्येक तुकड्याचा पत्ता आणि प्रत्येक तुकड्याची लांबी जुळायला हवी. नुसती बेरीज जुळून भागत नाही.

दर रीडला बफर घेऊन सोडत बसू नका. सुरुवातीलाच एक मोठा अलाइन केलेला पट्टा घ्या, त्याचे समान तुकडे पाडा आणि ते फिरवून वापरा.

इथवरचं सगळं मेमरीचं झालं, ते सोपं आहे. खरी डोकेदुखी ऑफसेटची. मी एके काळी एका बॅकअपच्या प्रॉडक्टवर काम करत होतो. आमच्या बॅकअप फाइलच्या सुरुवातीला ५१२ बाइटांचं हेडर होतं आणि त्यानंतर लगेच डेटाचे ब्लॉक. ज्यांनी हे ठरवलं त्यांच्या काळात सगळ्या डिस्क ५१२ च्या होत्या, त्यामुळे दोष देण्यात अर्थ नाही. मग एका ग्राहकाने नवे स्टोरेज घेतले, ४के नेटिव्ह. म्हणजे लॉजिकल सेक्टरच ४०९६ चा. रात्रीचा पहिलाच बॅकअप आपटला. आम्हाला वाटलं बफरचं काम असणार. मेमरीची अलाइनमेंट ५१२ वरून ४०९६ केली, नवा बिल्ड पाठवला आणि चहा प्यायला गेलो. परत आलो तर तोच ई-इनव्हॅल वाट बघत होता.

स्ट्रेस काढला तेव्हा उजेड पडला. पत्ता ००० ने संपत होता, लांबी ६५५३६ होती, सगळं नीट. ऑफसेट मात्र ५१२. पुढचा ६६०४८. त्याच्या पुढचाही ५१२ ने सरकलेला. हेडरमुळे फाइलमधला प्रत्येक ब्लॉक जन्मतःच तिरका बसलेला. हे मेमरी कशीही घेतली तरी सुटणारं नव्हतं, कारण चूक डिस्कवरच्या रचनेत होती. शेवटी फॉरमॅटची आवृत्ती वाढवली, हेडर ४०९६ पर्यंत शून्यांनी भरलं, आणि जुन्या फाइली वाचायला मधल्या बफरची वाट ठेवली. जुन्या फाइली लोकांकडे वर्षानुवर्षं पडून असतात, त्यामुळे ती वाट काढून टाकायचा मुहूर्त मी तिथून निघेपर्यंत तरी आला नव्हता. म्हणून स्वतःचा फॉरमॅट आखत असाल तर आजच सगळं ४०९६ च्या हद्दीवर बसवा. हेडरमागे साडेतीन केबी वाया जातील, जाऊ द्या.

मधल्या बफरची वाट म्हणजे काय, तेही आकड्यांत बघू. समजा कोणी ५००० व्या बाइटपासून ३००० बाइट मागितले आणि अलाइनमेंट ४०९६ आहे. सुरुवात खाली ओढायची, शेवट वर ढकलायचा:

सुरुवात = ऑफसेट & ~(अ − १)
शेवट = (ऑफसेट + लांबी + अ − १) & ~(अ − १)

सुरुवात येते ४०९६. मागणी ८००० वर संपते, ती वर ढकलून शेवट ८१९२. म्हणजे ४०९६ व्या बाइटपासून ४०९६ बाइट आपल्या अलाइन केलेल्या बफरमध्ये वाचायचे आणि त्यातले पहिले ९०४ सोडून पुढचे ३००० मागणाऱ्याला कॉपी करून द्यायचे. झालं. (‘अ’ हा दोनचा घात असेल तरच ही युक्ती चालते, इथे तो असतोच.)

हे दोन ओळींचं गणित दिसतं तितकं निरुपद्रवी नाही. ऑफसेट ६४ बिटांचा असतो, आणि स्टॅटएक्सने दिलेली अलाइनमेंट ३२ बिटांची बिनचिन्ह संख्या. ‘अ’ तसाच वापरला तर ~(अ − १) ही किंमत ३२ बिटांतच निघते, आणि मग ६४ बिटांत नेताना वरचे ३२ बिट शून्याने भरले जातात. त्याच्याशी अँड केलं की ऑफसेटचे वरचे बिट पुसले गेले! ४ जीबीपर्यंत सगळं चोख. ५ जीबीवरचा ब्लॉक मागितला की प्रोग्रॅम निमूटपणे १ जीबीवरचा ब्लॉक आणून देतो. चूक नाही, इशारा नाही, फक्त दुसराच डेटा. आणि राइटमध्ये हे झालं तर १ जीबीवरचा चांगला डेटा गेला. टेस्टच्या फाइली सहसा ४ जीबीच्या आतल्या असतात, त्यामुळे हे ग्राहकाकडेच सापडतं. म्हणून ‘अ’ ला सगळ्यात आधी ६४ बिटांत न्या, मग गणित करा.

राइटच्या बाजूला मधला बफर जास्त नाजूक आहे. ब्लॉकचा अर्धाच भाग बदलायचा असेल तर आधी पूर्ण ब्लॉक वाचा, बदला, पूर्ण लिहा. दोन थ्रेड एकाच ब्लॉकच्या दोन वेगळ्या भागांवर लिहीत असतील तर दोघंही जुना ब्लॉक वाचतात आणि जो नंतर लिहितो तो पहिल्याचं काम पुसतो. मागणाऱ्याच्या नजरेने त्यांचे पल्ले एकमेकांवर येतच नव्हते, म्हणून त्याने लॉक लावलेला नसतो. तो लॉक ब्लॉकच्या हिशेबाने तुमच्या थरात हवा.

आता शेवटचा तुकडा. फाइल १०,००० बाइटांची आहे: ४०९६ चे दोन पूर्ण ब्लॉक, म्हणजे ८१९२, आणि वर १८०८.

वाचताना अडचण नाही. ८१९२ पासून पूर्ण ४०९६ मागा, १८०८ मिळतील. बफर मात्र पूर्ण ४०९६ चा असू द्या. कमी मिळाले की फाइल संपली असं समजून थांबा. ‘शून्य येईपर्यंत वाचत राहा’ हा नेहमीचा लूप इथे नको, कारण पुढचा रीड १०,००० या तिरक्या ऑफसेटवरून होईल. कुठे शून्य मिळेल, कुठे ई-इनव्हॅल.

लिहिताना पहिली वाट अशी: शेवटचा ब्लॉक शून्यांनी भरून पूर्ण ४०९६ लिहा, मग एफट्रंकेटने फाइल १०,००० वर कापा. साधी आणि बहुतेक वेळा पुरेशी. फक्त राइट आणि एफट्रंकेटच्या मध्ये वीज गेली तर फाइल १२,२८८ ची राहते. ते चालणार नसेल तर खरी लांबी हेडरमध्ये लिहून ठेवा, फाइलच्या आकारावर विसंबू नका. दुसरी वाट जीएनयू डीडी वापरतं: आउटपुटला डायरेक्ट लावलं असेल आणि शेवटचा तुकडा ब्लॉकपेक्षा लहान निघाला तर ते एफसीएनटीएलने ओ_डायरेक्ट उतरवतं, तो तुकडा साध्या वाटेने लिहितं आणि शेवटी एफसिंक करतं, म्हणजे डेटा डिस्कवर पक्का करवतं. हे डीडीला शोभतं, कारण तिथे एकच थ्रेड आहे. तुमच्याकडे तोच डिस्क्रिप्टर (उघडलेल्या फाइलचा क्रमांक) चार थ्रेड वापरत असतील तर झेंडा सगळ्यांचाच उतरतो. म्हणून मी तिसरी वाट पसंत करतो: एकच फाइल दोनदा उघडायची, एक डिस्क्रिप्टर डायरेक्टचा, एक साधा, पूर्ण ब्लॉक पहिल्यातून, शेपूट दुसऱ्यातून. शेपूट लिहून झाल्यावर साध्या डिस्क्रिप्टरवर एफडेटासिंक करा आणि तोच ब्लॉक पुन्हा डायरेक्टने लगेच वाचायला जाऊ नका. एकाच ब्लॉकवर दोन्ही वाटांनी एकाच वेळी काम करणं म्हणजे वाण्याकडच्या वहीत एक हिशेब आणि यार्डात दुसरा.

एफसिंकचा विषय निघालाच आहे तर: ओ_डायरेक्ट म्हणजे डेटा सुरक्षित झाला असं नव्हे. पेज कॅश टळली, डिस्कच्या स्वतःच्या कॅशमध्ये तो अजून असू शकतो, आणि फाइलची वाढलेली लांबी तर मेटाडेटात वेगळीच नोंदायची असते. एफडेटासिंक किंवा ओ_डीसिंक हवंच.

प्रोग्रॅम फोर्क करत असेल, म्हणजे स्वतःची दुसरी प्रत सुरू करत असेल, तर जपा. डायरेक्ट रीड चालू असताना फोर्क झाला आणि बफर खासगी मेमरीत असेल, म्हणजे साध्या मॅलॉक किंवा मेमअलाइनचा, तर कॉपी-ऑन-राइटच्या गडबडीत डेटा भलत्याच पेजवर उतरू शकतो. अशा बफरांना एमअॅडव्हाइजने डोन्टफोर्क सांगून ठेवा, किंवा ते शेअर्ड मॅपिंगमध्ये घ्या.

सी सोडून इतर भाषांबद्दल भरभर सांगतो. पायथनमध्ये ओएस.रीड इथे कामाचं नाही; ते जे बाइट्स ऑब्जेक्ट बनवतं त्यात ऑब्जेक्टच्या नोंदीमागे, ३२ बाइटांनंतर डेटा सुरू होतो. त्याऐवजी निनावी एममॅप घ्या, ते पेजच्या हद्दीवरच येतं, आणि बफरिंग बंद करून उघडलेल्या फाइलवर रीडइंटू करा. जावात दहाव्या आवृत्तीपासून एक्सटेंडेडओपनऑप्शनमध्ये डायरेक्ट आहे. एक ब्लॉक जास्तीचा डायरेक्ट बाइटबफर घेऊन अलाइन्डस्लाइस करायचं. गोमध्ये जास्तीची स्लाइस घेऊन पुढे सरकवायची. विंडोजवर फाइल_फ्लॅग_नो_बफरिंगची अट तशीच आहे आणि व्हर्च्युअलअलॉक पेजवर अलाइन केलेली मेमरी देतं. तिथे चूक ८७ क्रमांकाची येते. मॅकवर एफ_नोकॅश आहे, पण ती विनंती आहे; ती अलाइनमेंटवरून अडवत नाही.

हे सगळं वाचून ‘एवढं करायचं कशाला’ असं वाटलं असेल तर तो प्रश्न बरोबर आहे. मायएसक्यूएल डेटाबेसच्या इनोडीबी या स्टोरेज इंजिनला ओ_डायरेक्ट लागतं, कारण तिचा स्वतःचा बफर पूल आहे आणि तीच पानं कर्नलने पुन्हा ठेवणं म्हणजे मेमरीची नासाडी. तिची पानं १६ केबीची असल्यामुळे अलाइनमेंट आपसूक जुळते. तुमच्याकडे स्वतःची कॅश आहे का? नसेल तर डायरेक्ट वाचन बहुधा हळू पडेल, कारण पेज कॅशबरोबर कर्नलचं पुढचं वाचून ठेवणंही गेलं. एका वेळी एकच चार केबीचा रीड करणारा प्रोग्रॅम ओ_डायरेक्ट लावल्यावर कित्येक पट मंदावलेला मी पाहिला आहे. मोठे तुकडे, आणि एका वेळी बरेच रीड रांगेत, म्हणजे आयओ_यूरिंग (कर्नलची रीड-राइट रांगेत लावायची सोय) वगैरे असेल तरच त्याचा फायदा. नुसतं ‘माझ्या कॉपीमुळे इतरांची कॅश धुऊन निघू नये’ एवढंच हवं असेल तर साधं वाचा आणि वाचून झालेल्या भागावर पॉझिक्स_एफअॅडव्हाइजने डोन्टनीड सांगा. लिनक्स ६.१४ पासून आरडब्ल्यूएफ_डोन्टकॅश हा झेंडाही आला आहे, एक्सटी४ आणि एक्सएफएसवर चालतो, आणि त्याला अलाइनमेंटची कसलीच अट नाही.

तरीही ओ_डायरेक्टच हवं असेल तर टेस्टसाठी ४के डिस्क विकत आणायची गरज नाही. एक रिकामी मोठी फाइल बनवा, लोसेटअप या आज्ञेला सेक्टर-साइज ४०९६ देऊन तिचं लूप डिव्हाइस (डिस्कसारखी वागणारी फाइल) करा, त्यावर एक्सटी४ घाला आणि टेस्ट तिथे चालवा. ५१२ गृहीत धरलेला प्रत्येक ऑफसेट पहिल्या मिनिटात उघडा पडतो. फाइल विरळ ठेवा, म्हणजे ५ जीबीच्या पुढे लिहून ३२ बिटांचा तो बगही तपासता येईल. डिस्कवर जागा लिहिलेल्या ब्लॉकांपुरतीच जाते. मेमरीच्या पत्त्याची चूक मात्र नव्या कर्नलवर इथेही सुटून जाऊ शकते. त्यामुळे रीड आणि राइट ज्या एकाच फंक्शनमधून जातात तिथे पत्ता, ऑफसेट आणि लांबी तिन्ही स्वतः तपासा, आणि जुळलं नाही तर तिन्ही आकडे हेक्समध्ये छापून तिथेच थांबा. कर्नलच्या ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’मध्ये यातलं नेमकं काय चुकलं हे कधीच कळत नाही.